नाकापेक्षा बूड

एकतीस वर्षं मी मक्याचे ट्रक तोलले,
नेब्रास्कात, रुळांच्या कडेच्या कोठारावर.
येताना भरलेला, जाताना रिकामा,
मधली वजाबाकी वहीत.
आता तळघरात बसून ग्रेन मोजते.
ग्रेन म्हणजे दाणाच की. कुणीतरी कधीकाळी
जवाचा एक दाणा पारड्यात टाकला,
तोच धरून आम्ही अजून शिसं तोलतो.

बाहेर फेब्रुवारी, खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ.
टेबलावर तीन ढीग.

तांब्याचं कवच ल्यालेल्या, दुकानातल्या, महाग:
एकीला झाकावं, दुसरीला काढावं.
पन्नास यार्डांवर ह्याच वापराव्यात, असं सगळे म्हणतात.
माझं पिस्तूल म्हणत नाही.
नुसता मुलामा दिलेल्या:
लग्नात भाड्याने आणलेल्या दागिन्यांसारख्या, दुरून बऱ्या.
आणि कॉफीच्या डब्यात मायलोच्या.
मायलो कुचेराने चाकांची जुनी वजनं वितळवून
गॅरेजात ओतलेल्या, राखाडी, चपट्या तोंडाच्या,
कागदात पंचने पाडावं तसं गोल भोक पाडणाऱ्या.
पिस्तुलाला ह्याच आवडतात.
आमच्या भांडणाशी त्याला काय देणंघेणं.

तोच शिकवायचा: गोळीचं नाक मोडलं तरी चालतं,
बूड शाबूत हवं.
नळीचा निरोप शेवटी बूडच घेतं.
तिथे टवका असला, की मागचा वायू
एका बाजूने आधी निसटतो
आणि जाता जाता गोळीला कोपर मारतो.

हेस्टिंग्जच्या सामन्यात त्याचा कागद माझ्याकडे मोजायला होता.
एक भोक रेषेला टेकलेलं,
किंवा न टेकलेलं.
तो म्हणाला दहा. मी म्हणाले नऊ.
अशा वेळी भिंग लावून बघायचं असतं. भिंग माझ्या खिशात होतं.
ते न काढता मी म्हणाले,
"तुझा हात कापतो म्हणून रेषा सरकत नाही, मायलो."
आजूबाजूला सात-आठ जण होते.
सगळ्यांच्या कानांवर संरक्षक बोंडं होती,
तरी सगळ्यांनी ऐकलं.

तीन हिवाळे झाले.
सुटलेला बाण परत येत नाही म्हणतात.
शिसं येतं.
दर वसंतात मैदानामागच्या बांधातून
आम्ही ते चाळणीने उपसतो,
वितळवतो, साच्यात ओततो,
पुन्हा त्याच बांधावर झाडतो.
म्हणीत बाणाच्या जोडीने जे दुसरं येतं
ते मात्र कुठल्याच चाळणीवर राहत नाही.

डबा उपडा केला. एकशे बारा.
तांदूळ निवडावेत तशा निवडल्या,
एकेक दिव्याखाली फिरवून, काट्यावर ठेवून,
अर्धा ग्रेन इकडेतिकडे, बस्स, त्यापुढे माफी नाही.
सामन्याला नव्वद लागतात.
उरल्या चौऱ्याऐंशी.

नव्या ओतायला मला येत नाही. साचा त्याच्याकडे आहे.

कॉफी गार होईपर्यंत
टाकलेल्यांकडे बघत बसले.
मग चष्मा पुसून पुन्हा एकेक उचलली.
सहा-सात अशा निघाल्या, नाकाला पोचा, एवढंच.
वजन चोख. बूड आरशासारखं.
मग ह्यांना मी का काढलं होतं?

सहा घेतल्या. नव्वद भरल्या.
आता मायलोकडे जायचं काही कारण नव्हतं.

डबा मात्र त्याचा.
झाकणावर त्याच्या हाताने तारीख आणि वजन लिहिलेलं,
चारचा आकडा थोडा थरथरलेला.
दुसऱ्याचा डबा रिकामा परत देऊ नये,
एवढं तर सगळ्यांच्या आया शिकवतात.
गेल्या वसंतातलं बांधातलं शिसं पोत्यात पडून होतं.
वाळू झटकून ते भरलं.
साडेअकरा पौंड. तोललंच, सवय जात नाही.

गाडीत पुढच्या सीटवर ठेवून पट्टा लावला,
त्याच्या घराआधी एक वाईट वळण आहे.
भिंग कोटाच्या खिशात होतं.
दारात पोचण्याआधी काढून हातात धरलं.